अशुभ बोलायची अष्टमी

दिवाळी सरली की अमरावतीच्या रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरी फुलं येतात. बाभळीची नव्हेत, कापसाच्या ट्रकांमधून उडालेली. काट्यांत अडकतात, विजेच्या तारांवर लोंबतात, एखादा चुकार पुंजका हेलकावत आमच्या गॅलरीतही येतो. मी तो उचलते, बोटांनी उलगडून आतली सरकी चाचपते आणि नाकाशी नेते. कच्च्या तेलाचा, उन्हाचा, थोडा मातीचा वास. तो आला की मी अकोल्याला पोचते, जिनिंग फॅक्टरीच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात, नवी नवरी होऊन. गुडघे तेवढे इथेच राहतात, ते एक बरं.

यंदा दिवाळीला आलेली माझी नात तेजू अजून परत गेलेली नाही. हल्ली कामं घरी बसून होतात म्हणे. जेवणाच्या टेबलावर तिनं संगणक मांडलाय आणि आमची ताटं पुन्हा जमिनीवर आलीत. परवा मी विचारलं, "दिवसभर करतेस तरी काय गं?"

"एका हॉस्पिटलची वीज गेली तर काय काय होईल ते शोधतेय, आजी."

"गेलीय का वीज?"

"नाही गं. जाऊ नये म्हणून."

मग तिनं मला शेजारी बसवून पडदा दाखवला. पडद्यावर एक उलटं झाड होतं. शेंड्याला एकच चौकट, ऑपरेशनच्या खोलीत अंधार. तिथून खाली फांद्या. बाहेरची वीज गेली आणि जनरेटरही सुरू झाला नाही. जनरेटर का नाही? डिझेल नव्हतं. किंवा डिझेल होतं, पण किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. सॉफ्टवेअर प्रत्येक फांदीला विचारतं, हे कशानं होईल? उत्तर दिलं की त्या उत्तरालाही तेच विचारतं. लहान पोरासारखं पिच्छा सोडत नाही. शेवटच्या पानापाशी पोचलं की तीन प्रश्न: हे किती वेळा घडतं, घडलं तर किती वाईट, आणि घडतंय हे आपल्याला वेळेवर कळेल का. मग ते सगळं मनातल्या मनात गुणतं, चहाला उकळी येईपर्यंत हजारो वर्षांचे दिवस खेळून पाहतं, आणि कुठली फांदी आधी छाटायची ते लाल करून दाखवतं. मी तर बघतच राहिले. माणसाच्या भीतीला इतकं सरळ बसवून कामाला लावणारं यंत्र कुणीतरी केलं, त्याचे हात धरावेत असं वाटलं.

पण झाड मला ओळखीचं होतं. ते मी गेरूनं भिंतीवर काढलेलं पाहिलं होतं, साठाहून जास्त वर्षांपूर्वी.

आमचे हे त्या जिनाचे इंजिनियर. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना यंत्रांची रांग, जमिनीखालून फिरणारा एक लोखंडी दांडा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला गेलेला चामड्याचा पट्टा. यंत्रांपुढे बायका उभ्या, ओंजळीनं कापूस भरवणाऱ्या. पलीकडे रुई उतरायची, खाली सरकी गळायची. हंगामात सगळ्या आवारावर धुकं असावं तशी रुई पसरलेली. भाजीत रुई, केसांत रुई, देवाच्या समईतही. माझी आई एकदा भेटायला आली तर म्हणाली, "अगं, तुझ्या घरात वात वळायचीच गरज नाही, नुसतं बोट फिरव." आणि या सगळ्याच्या मधोमध एक ठिणगी पुरेशी. कापसात आलेला एखादा खडा, एखादी विसरलेली काडी, तापलेलं बेअरिंग. आम्ही सगळे बारुदाच्या कोठारात संसार मांडून बसलो होतो आणि संक्रांतीचे तिळगूळ वाटत होतो.

तरी तिथे आग हा शब्द कुणी उच्चारत नसे. त्यात नवल नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, तेही वाढतं. घरातून निघालेला माणूस 'जातो' म्हणाला की चारजण ओरडतात, 'येतो म्हण'. संध्याकाळी वाईट बोलू नये, कारण वास्तू तथास्तु म्हणते. मी याच दुधावर वाढलेली. बोलून ठेवलेलं खरं होतं, यावर माझा तेव्हा पुरा विश्वास होता आणि खोटं कशाला बोलू, थोडा अजूनही आहे.

त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात यांनी जे आरंभलं ते मला मुळीच रुचलं नाही. खंडेनवमीला जिनातल्या यंत्रांची पूजा व्हायची. पट्ट्यांना झेंडूच्या माळा, इंजिनाला हळदकुंकू. तर त्याच्या आदल्या दिवशी, अष्टमीच्या दुपारी, हे म्हणाले, आपण सगळ्यांना बसवू आणि या हंगामात काय काय वाईट घडू शकतं ते एकेकाला मोठ्यानं बोलायला लावू.

"देवीच्या दिवसांत?" मी म्हटलं.

"देवी ऐकत असेल तर बरंच. तिलाही कळेल कुठे लक्ष ठेवायचं."

शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! हा नाऱ्या माझ्याच नशिबी यावा ना. मी दोन दिवस अबोला धरला. पण मला हेही ठाऊक होतं की याआधी ते ज्या जिनात होते ते जळलं होतं. दूरच्या गावचं. तिथे काय काय गेलं हे त्यांनी मला कधीच पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणत, "सगळे म्हणाले, दैव. दैव कसलं? कोणी कोणाला आधी विचारलंच नाही."

अष्टमीची दुपार. हॉलमध्ये नुकतं सारवल्याचा वास, यंत्रं पुसून चकचकीत, पट्टे अजून चढवलेले नाहीत. बायका एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, मी दाराशी. यांनी चुन्याच्या भिंतीवर गेरूनं एक चौकट काढली आणि आत लिहिलं, जिन पेटलं. मला वाचवेना. लिहिता-वाचता येत नसलेल्यांसाठी त्यांनी ते मोठ्यानं म्हटलंही. हॉलमध्ये अशी शांतता की छपरावरच्या पारव्यांचे पाय वाजले.

"बोला नं," हे म्हणाले. "काहून गप्प बसले? कशानं पेटन?"

मुकादम गुलाबराव उठले. मोठ्या पागोट्याचा, मोठ्या मनाचा माणूस. हात जोडून म्हणाले, "सायेब, काम सांगा, उलटं टांगून घ्या, पन हे नका सांगू. वास्तू तथास्तू म्हनते. माहे लेकरंबाळं हायेत."

हे हसले नाहीत. म्हणाले, "बरं. मंग मीच सुरू करतो. इंजिनियर सायेबाचं नवं लग्न झालं. सकाळी उशिरा उठला. बेअरिंग गरम झालं ते त्यानं पाह्यलंच नाई." आणि गेरूनं पहिली फांदी ओढली. बायकांत खसखस पिकली. मी पदर तोंडाला लावला, लाजेनं की रागानं, आता आठवत नाही.

तेव्हा बायकांमधून एक उठली. पंचफुला. वय माझ्याएवढंच, कडेवर वर्षाचं पोर. त्यांच्या वस्तीनं चार-पाच वर्षांमागे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ताठ उभी राहून म्हणाली, "आमी आता वास्तू-बिस्तू मानत नाई, सायेब. त्या दिवशी सोडलं ते सोडलं. मी बोलतो. हे दार आत उघडते. पेटलं त आमी साऱ्या पयत जाऊन दाराले चिकटू. मांगच्या पुढच्यांले रेटन. मंग दार उघडन कसं?"

यांचा हात भिंतीवर थांबला. मग त्यांनी लिहिलं, आणि तिला म्हणाले, "अजून?"

एका माणसानं पहिलं पाऊल टाकलं की पांदण आपोआप मळते. कापसाच्या गाडीत विडी ओढणारे निघाले, पाण्याच्या बादल्या भरल्या असतात पण त्यांवर पोती टाकलेली असतात हे निघालं, पट्टा सटकला की सगळे पट्ट्याकडे धावतात आणि इंजिन बंद करायचं राहूनच जातं हेही निघालं. शेवटी गुलाबरावांनीही वास्तूची माफी मागत, कानाच्या पाळ्या धरून, स्वतःची भीती सांगितली. भिंतीवर झाड खाली खाली वाढत गेलं. जिथे दोन-तीन गोष्टी एकदम घडल्या तरच अनर्थ, तिथे हे गाठ काढत. जिथे एकही पुरे, तिथे ठिपका. "गाठ दिसली की खुश व्हा," ते सांगत. "गाठीतला एक धागा तोडला तरी पुरते." ठिणगी पडली, शेजारी रुई साचलेली होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं. यातलं एक काढा. ठिणगी नाही काढता येत? मग रुई झाडा.

मग त्यांनी सरकीचं टोपलं मधोमध ठेवलं. प्रत्येक भीतीपुढे तीन द्रोण. पहिल्यात, हे किती वेळा होतं त्या मानानं सरकी टाकायची. दुसऱ्यात, झालं तर किती वाईट. तिसऱ्यात, किती उशिरा कळेल. ज्याला जसं वाटेल तसं. गडी आणि बाया वाकून वाकून सरकी टाकत होते, वाद घालत होते, एकमेकांच्या द्रोणातली काढून ठेवत होते. तासाभरापूर्वी जे ओठांवर आणायला तयार नव्हते, ते आता त्याचं माप घेत होते. मी आयुष्यात पुष्कळ पूजा पाहिल्या. इतक्या मनापासून चाललेली कुठलीच आठवत नाही. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

दाराच्या द्रोणांत सगळ्यात जास्त सरकी पडली. पण दार बाहेर उघडेल असं फिरवायला जिनाचे मालक शेठजी तयार होईनात. "इंजिनियरसाब, दरवाजा बाहेर उघडला तर लक्ष्मी चली जाते." यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मग दारच काढून ठेवतो शेठजी. काम चालू असताना चौकट मोकळी. लक्ष्मीला यायला ठोठावायलाही नको." शेठजींना ते पटलं. रोज सकाळी दोन गडी कवाडं उचलून भिंतीला टेकवत आणि काम सुटलं की परत बसवत. आपल्याकडे श्रद्धेला धक्का न लावता अक्कल वापरायची म्हटली की वाट सापडतेच.

पण त्या दुपारचं सगळं अजून सांगितलं नाही मी.

सरकी टाकून झाल्यावर यांनी विचारलं, "राह्यलं काही?" सगळे म्हणाले, नाही. मी दाराशी बसून बायकांकडे पाहत होते. पंचफुलाचं पोर आता तिच्या पाठीमागे नुकत्याच आलेल्या कापसाच्या ढिगात झोपलं होतं. एकटं तेच नव्हे. अंगावर पिणारं मूल ज्या ज्या बाईला होतं, तिचं मूल हंगामात त्या ढिगांतच वाढायचं. मऊ, उबदार, आईच्या नजरेसमोर. थंडीत त्याहून चांगली गादी राजाच्या घरी नसेल. मला ते दृश्य फार आवडायचं, मागच्या हंगामाच्या अखेरीस, लग्न होऊन आले तेव्हा, मी दोनदा मुद्दाम ते बघायला आले होते.

आणि मग मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर सगळं होतं आणि हे नव्हतं. काहीच न मानणारी पंचफुलाही हे बोलली नव्हती. कुठली आई बोलेल? जी गोष्ट मनातही आणायची नाही, ती भिंतीवर कशी यायची? मला तिसरा महिना लागला होता. यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, सांगायचंही नसतं तोवर. वास्तू वर कान देऊन बसली आहे असं मला खरोखर वाटलं. मी पोटावर हात ठेवला आणि उभी राहिले.

"दार मोकळं असलं तरी काय?" मी म्हटलं. "बायका बाहेर पडतील. आणि पोरांसाठी परत आत जातील."

एका बाईनं हुंदका दिला. पंचफुलानं मागे वळून पोराला उचललं आणि छातीशी इतकं आवळलं की ते रडायला लागलं. यांच्या हातात गेरूचा खडा तसाच. मग ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांना ते दूरच्या गावचं जळलेलं जिन दिसतंय हे मला कळलं. त्यांनी भिंतीवर ते लिहिलं. त्या ओळीपुढे सरकी टाकायला कुणी पुढे झालं नाही. गरजच नव्हती.

पोरं ठेवायची कुठे? माझ्या ओसरीवर. हे मी बोलून गेले आणि मग बायकांनी मान हलवली. लेकरू नजरेआड कसं ठेवायचं? पाजायचं कधी? हे म्हणाले, मधल्या वेळी सगळ्यांना सोडू, इंजिन थांबवू. तरी मन होईना. शेवटी पंचफुला माझ्याजवळ आली, तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "तुमी सोता पाहसान का, बाई? दुसऱ्या कोनावर टाकून जासान नाई?"

"नाही जाणार."

"मंग घ्या." आणि तिनं पोर माझ्या हातात दिलं.

तो हंगाम! माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोंगाटाचा आणि सगळ्यात लाडका. ओसरीच्या तुळईला लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, एक हलवली की दुसरी रडायची. पोरांच्या टाळूचा तेलाचा वास, ज्वारीच्या पेजेचा वास, उन्हात वाळणाऱ्या लंगोट्या. कंपाउंडातल्या बायकांनी कुजबुज केली, कोणाकोणाची पोरं एका ओसरीवर घेतेस म्हणून. मी म्हटलं, रडताना सगळी सारखीच रडतात, येऊन ऐका. आल्या नाहीत त्या नाहीत. पण एकीनं गुपचूप जुनं लुगडं धाडलं. मधल्या वेळी भोंगा झाला की बायका धावत येत, ओसरीच्या पायऱ्यांवर ओळीनं बसून पाजत, मला कशाकशाचं लोणचं घालतात ते शिकवत. पंचफुला माझ्याकडे बघून एकदा म्हणाली, "पोरगा नाई, पोरगी होईन. तुमी लय बोलता." मी खूप हसले. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं ओळखलं होतं, आणि खरंच पोरगीच झाली. तेजूची आई.

हे रोज सकाळी भिंतीवरच्या झाडापुढे उभे राहत. कुठली फांदी अजून हिरवी आहे ते पाहत. बादल्यांवरची पोती काढायला लावत, रुई झाडून घेत, स्वतः बेअरिंगला हात लावून पाहत. काही घडत नव्हतं. न घडण्याची एक अडचण असते, ते दाखवता येत नाही. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, आणि शेठजी म्हणाले, "इंजिनियरसाब, उगीच घाबरवलं लोकांना. काय झालं? काहीच नाही." हे नुसते हसले. घरी येऊन मला म्हणाले, "याच्यापरीस मोठी शाबासकी कोणती?" त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते मी त्याला तेव्हा बोलले नाही. आमच्या काळी बोलत नसत. आता बोलते, मोठा माणूस होता.

तेजूला मी इथवर सांगितलं. ती संगणक मिटून ऐकत होती. म्हणाली, "आजी, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांचं भरून झालं की शेवटी एक रिकामी ओळ येते. कुणी काही सांगायचं राहिलं का, म्हणून. बहुतेक लोक ती तशीच सोडून पुढे जातात." मग तिनं विचारलं, "पण खरंच उपयोग झाला का गं, की नुसतंच...?"

तेव्हा मी तिला राहिलेलं सांगितलं. त्या हंगामातली संक्रांत होऊन गेली होती. सकाळची दहा-अकराची वेळ. मी ओसरीवर पंचफुलाच्या पोराला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. जिनातून एक वेगळाच आवाज आला, खडा दळला जावा तसा, आणि मग गुलाबरावांची आरोळी. ज्या माणसाच्या तोंडून आग हा शब्द निघत नव्हता, त्यानं तो असा उच्चारला की बेंबीच्या देठापासून आला. इंजिन लगेच थांबलं. पट्टे फडफडून गप्प झाले. छपराच्या कौलांतून आधी पांढरा, मग पिवळा, मग काळा धूर निघाला. मला उठता येईना. झोळ्यांमध्ये मुलं झोपलेली, कुणी जागं, कुणी अंगठा चोखत. मी चौकटीकडे डोळे लावले.

बायका बाहेर आल्या. एकामागून एक, मोकळ्या चौकटीतून, केसांवर रुई, कुणाची चप्पल सुटलेली, कुणाचा पदर जळका. कुणी ओरडत नव्हतं. यंत्रांकडून त्या सरळ माझ्याकडे धावत आल्या, पायऱ्या चढल्या आणि आपापल्या झोळीत हात घातला. पंचफुलानं माझ्या मांडीवरून पोर उचललं, त्याच्या तोंडावरची पेज अंगठ्यानं पुसली आणि तिथेच खाली बसून त्याला अंगाशी लावलं. तिच्यामागे छप्पर कोसळल्याचा आवाज झाला, जमीन हादरली, पारवे आभाळभर उडाले. हे हॉलच्या दाराशी उभे राहून बायका मोजत राहिले होते, शेवटची मोजली तेव्हाच दारापासून हलले होते.

एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहील? मागे नुसता कापूस जळत होता.